पुढच्या पाळीसाठी एक झटका

नरेशनं आधी डावा पाय आत टाकला, मग डोकं घातलं, मग उजवा पाय ओढून घेतला आणि गुडघे छातीशी घेऊन तो मागच्या सीटवर बसला. दोन दारांच्या गाडीला मागची सीट नावापुरती असते. तिथं बॅग ठेवावी, फार तर कुत्रं बसवावं. चार वर्षं ही राखाडी जपानी कूपे त्याच्या हातात होती, तिच्या पोटातली एकेक नळी त्याला पाठ होती, पण मागं बसायची वेळ आज पहिल्यांदाच आली होती.

"बैठ गया ना?" पियूषनं विचारलं आणि उत्तर ऐकायच्या आत ड्रायव्हरची सीट मागं ढकलली. ती नरेशच्या नडगीवर आली.

पियूषच्या शेजारी आम्रपाली होती. मांडीवर लॅपटॉप, लॅपटॉपची वायर स्टिअरिंगच्या खाली गेलेली, आणि दुसरी एक बारीक वायर बॉनेटच्या फटीतून इंजिनात उतरलेली. ती काल तिनं स्वतः बसवली होती. पाण्याच्या होजमध्ये, रबरी नळीत, एक जोड टाकून त्यावर दाब मोजणारा सेन्सर. नरेश शेजारी उभा राहून बघत होता आणि जोड गळेल म्हणून वाट पाहत होता. गळला नाही.

"मैडम, सीट ठीक है? आगे-पीछे करनी हो तो बताइए."

"ठीक है. चलिए."

मॅडम म्हणजे नरेशची धाकटी बहीण. त्याच्याहून सात वर्षांनी लहान. पुण्याकडं एका कंपनीत ती इंजिनांच्या चाचण्या घेते, यंत्रावर इंजिन पळवते आणि त्याला किती पेट्रोल, किती हवा आणि कधी ठिणगी द्यायची ते ठरवते. दोन आठवड्यांच्या सुट्टीवर घरी आली होती. तिसऱ्या दिवशी डबा द्यायला गॅरेजवर आली, तेव्हा पियूष तिथं होता. त्यानं एक प्रश्न विचारला, तिनं उत्तर दिलं. दुसरा विचारला, तिनं दुसरं दिलं. अर्ध्या तासानं पियूष तिच्याशी 'आप' करून बोलत होता आणि नरेश डबा हातात धरून उभा होता.

पियूष दुर्गच्या बोरसीचा. बापाचा रसमड्याला तारेचा कारखाना. चार वर्षांत या माणसानं नरेशच्या भिलाईतल्या, खुर्सीपारच्या गॅरेजमधल्या माठाला हात लावला नव्हता. उन्हाळ्यातही स्वतःची बाटली घेऊन यायचा. का, ते नरेशला माहीत होतं, पियूषलाही माहीत होतं, आणि दोघांनीही ते कधी तोंडावर आणलं नव्हतं. परवा आम्रपालीनं आपली बाटली पुढं केली तर गटागटा प्याला. ते पाणी त्याच माठातलं होतं. नरेशनंच सकाळी तिला भरून दिलं होतं.

रविवार होता. रसमड्याचे कारखाने अर्धेअधिक बंद होते आणि त्यांच्या मागचा सरळ रस्ता रिकामा पडला होता. पियूषनं गाडी दुसऱ्या गियरमध्ये घेतली.

"तीसरे में डालिए, और पूरा दबाइए. मैं बोलूँ तब छोड़िए."

टर्बोची शीळ चढत गेली. नरेशचं डोकं मागच्या काचेवर आपटलं. हा आवाज त्याचा होता. एक्झॉस्टची नळी त्यानं स्वतः वाकवली होती, इंजिनात जादा हवा कोंबणारा छोटा टर्बो त्यानंच बसवला होता. दुर्ग-भिलाईत ही गाडी गेली की लोक मालकाचं नाव घेत नसत, 'नरेश की गाड़ी' म्हणत. तेवढंच एक त्याच्या नावावर होतं.

"छोड़िए," आम्रपाली म्हणाली. "फिर एक बार."

जानेवारीत नागपूरच्या बाजूला एका बंद धावपट्टीवर शर्यत होती. पियूषच्या बापानं मुलाला एक अट घातली होती, वर्षातून एकच मोठं काम, मग वर्षभर गाडीचं नाव काढायचं नाही. यंदाचं काम कोणतं, ते आज संध्याकाळपर्यंत ठरायचं होतं. सामान बाहेरून यायला महिना लागतो. पियूषला मोठा टर्बो हवा होता. दोन वर्षं तो टर्बो टर्बो करत होता, आणि दोन वर्षं नरेश त्याला दुसरीकडं वळवत होता. कधी सस्पेन्शन, कधी सीट, कधी गियरबॉक्स. आधी ब्रेक, आधी रेडिएटर, आधी टायर, टर्बो पुढच्या साली. पियूष कंटाळला होता. मॅडम हो म्हणतील, म्हणून त्यानं मॅडमला बसवलं होतं.

तिसरी फेरी झाली. चौथी झाली. पाचव्या फेरीनंतर आम्रपालीचं 'फिर एक बार' आलं नाही. पियूषनं गाडी कडेला घेतली, तरी तिची मान स्क्रीनवरून वर आली नाही.

"क्या हुआ, मैडम? ताकत है ना?"

"है," ती म्हणाली. मग मान न वळवता, मराठीत, "दादा, हेड कधी खोललं होतं तू?"

"दोन वर्षं झाले. गॅस्केट बदललं होतं. कावून?"

"सहजच. बोल्ट कायनं कसले?"

"हातानं. आणखी कायनं कसतेत?"

"टॉर्क रेंच नोहोता? मोजून कसाले?"

"होता. ज्याच्या हातात काही नाही, त्याले लागते तो."

पियूषला एवढं मराठी कळत होतं. तो हसला. आम्रपाली हसली नाही. तिनं दोन बोटांनी स्क्रीनवरचं काहीतरी मोठं केलं, पाहिलं, पुन्हा लहान केलं.

नरेशनं पाय हलवायचा प्रयत्न केला. हलला नाही.

त्याचा बाप, धोंडबा, भिलाईच्या पोलाद कारखान्यात रोलिंग मिलमध्ये फिटर होता. त्याच्या टोळीत एक रीत होती. बोल्ट पुरता कसून झाला, पाना आणखी फिरेना, की टोळीतला सगळ्यात जुना माणूस म्हणायचा, पुढच्या पाळीसाठी एक. मग सगळे मिळून आणखी एक झटका मारायचे. आपल्या मागून येणाऱ्याला अर्ध्या पाळीत उठावं लागू नये म्हणून. धोंडबानं ही रीत घरी आणली. सायकलच्या चाकाची चावी असो की गॅसचा रेग्युलेटर, शेवटी एक झटका. नरेशच्या हातात ती बापाकडून आली. हातात आली की मग ती डोक्याला विचारत नाही.

दोन वर्षांपूर्वी या गाडीच्या हेडचे, म्हणजे इंजिनावरच्या झाकणाचे, दहा बोल्ट त्यानं कसले. नऊ बसले. दहाव्याला, तिसऱ्या सिलिंडरजवळच्या, त्यानं पुढच्या पाळीसाठी एक मारला आणि पाना हातात एकदम हलका झाला. मिलमधलं जाड पोलाद तो झटका झेलतं. या गाडीचा ब्लॉक अॅल्युमिनियमचा होता. आतली चुडी, म्हणजे ज्या आट्यांत बोल्ट बसतो ते आटेच, लोण्यासारखे उपटून आले होते.

अशा वेळी इंजिन उतरवायचं असतं, ब्लॉक मशीन शॉपला न्यायचा असतो, मालकाला सांगायचं असतं. नरेशनं शटर अर्धं खाली ओढलं, गाडीतच भोक मोठं केलं, तारेची कॉइल फिरवून बसवली, बोल्ट परत लावला आणि झाकण बंद केलं. मालकाला काही सांगितलं नाही. बापाला तर मुळीच नाही. तेव्हापासून दर पंधरा दिवसांनी, पियूष यायच्या आत, तो रेडिएटरमध्ये झिरपून कमी झालेलं थोडं पाणी घालत असे. छोट्या टर्बोवर काम चालून जात होतं. मोठा बसला असता तर त्या बोल्टनं दम सोडला असता, हेड उचललं गेलं असतं, आणि धावपट्टीवर, ऐन वेगात, इंजिन फुटलं असतं.

हे सगळं ठाऊक असताना, आम्रपाली गॅरेजात येऊन बसल्यापासून, नरेशच्या मनात एकच गोष्ट घोळत होती. हिनं टर्बो म्हणावं. हिच्या तोंडून जावं. मग जानेवारीत जे व्हायचं ते होईल आणि लोक म्हणतील, नरेशनं चार वर्षं जपली, मॅडमनं पंधरा दिवसांत मारली. हा विचार त्याला आवडला होता. चांगला वाटला होता. त्या विचारात धावपट्टीवरच्या गाडीत पियूष बसलेला कुठं दिसत नव्हता.

जळायला माणसाला फार काही लागत नाही. मागच्या वर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला खुर्सीपारच्या विहारात आम्रपालीचा सत्कार झाला. शाल, पुष्पगुच्छ, बाबासाहेबांच्या फोटोसोबत फोटो. वीज गेली तर पंचाईत नको म्हणून नरेश मांडवाच्या मागं जनरेटरपाशी बसला होता. बापानं पाहुण्यांना त्याची ओळख करून दिली, "हा तिचा भाऊ." छत्तीस वर्षांचा माणूस, स्वतःचं गॅरेज असलेला, आणि हा तिचा भाऊ. जनरेटर चांगला चालला. त्याबद्दल कोणी काही म्हणालं नाही.

गाडी परत खुर्सीपारला आली. नरेश बाहेर पडला तेव्हा दोन्ही पाय झोपले होते. तो बॉनेटला धरून उभा राहिला, जणू इंजिनाचा आवाज ऐकतोय असा.

समोरच्या टपरीवरून तीन चहा आले. पियूष कागदी कप घेऊन गाडीच्या टपाला टेकला.

"तो मैडम, फैसला सुनाइए. कौन-सा टर्बो?"

"दादा, कागद दे."

नरेशनं भिंतीवरच्या कॅलेंडरचं मागच्या महिन्याचं पान फाडून दिलं. ती बाकावर बसली, पान मांडीवर पालथं घातलं आणि लिहू लागली. नरेश चहा घेऊन तिच्या मागं गेला. तिचं अक्षर लहानपणीसारखंच गोल होतं.

पुढचे ब्रेक, मोठे. रेडिएटर, जाड. टायर. त्याखाली तिनं एक रेघ मारली आणि लिहिलं, टर्बो नको, दाब आहे तेवढाच.

पहिल्यांदा नरेशला वाटलं, ही आपली थट्टा करते आहे. त्याचीच यादी होती ती, शब्दाला शब्द. दोन वर्षं तो हेच बोलत होता तर कोणी ऐकलं नाही, आणि आता तेच तिच्या अक्षरात, तिच्या नावानं. कपातला चहा त्यानं एका घोटात संपवला. जीभ भाजली.

पियूषनं पान उचलून वाचलं. मराठी वाचायला त्याला वेळ लागला. वाचून झाल्यावर त्यानं ते परत उलटं करून कॅलेंडरची बाजू पाहिली, जणू खरी यादी तिकडं असेल.

"ये तो नरेश की लिस्ट है."

"सही लिस्ट है."

"क्यों? टर्बो क्यों नहीं?"

"पेट्रोल," आम्रपाली म्हणाली. "इतने दबाव के लिए यहाँ का पेट्रोल ठीक नहीं."

"मैं रायपुर से महँगा वाला भरवाता हूँ. परसों आपने ही बोला, बढ़िया है."

"हाँ, पर गर्मी में..."

"रेस जनवरी में है, मैडम."

ती उजव्या हाताच्या अंगठ्यानं तर्जनीचं नख घासू लागली. नरेशनं ते पाहिलं. पाचवीत असताना रिपोर्ट कार्डवर हिनं स्वतःच बापाची सही केली होती आणि धोंडबासमोर उभी राहून अशीच नख घासत होती. हिला खोटं बोलता येत नाही. शिकूनही आलं नाही.

पण खोटं कशाला बोलेल ही?

लॅपटॉप बाकावर उघडा होता. नरेशनं वाकून पाहिलं. आकडे त्याला कळले नाहीत, पण चित्र कळलं. एक निळी रेघ गाडीच्या जोराची, ती पाच वेळा डोंगरासारखी चढली होती. तिच्याखाली एक लाल, पाण्याच्या दाबाची. पाणी तापतं तसा दाब सावकाश वाढतो, रेघ तिरपी जायला हवी. ही तिरपी जात नव्हती. निळी जिथं जिथं टोकाला जात होती तिथं तिथं लालही भिंतीसारखी उभी चढली होती. पाच वेळा. सिलिंडरमधला जाळ पाण्यात घुसत होता. दोन वर्षं त्यानं पंधरा-पंधरा दिवसांनी पाणी घालून जे झाकलं होतं, ते तिनं एका दुपारी रेघेत काढून ठेवलं होतं.

आणि शुक्रवारी तिनं चारही प्लग काढून वर्तमानपत्रावर ओळीनं मांडले होते ते आता त्याला आठवलं. तीन काळपट. तिसरा पाण्याच्या वाफेनं धुतल्यासारखा पांढरा. तो तिनं हातात घेतला होता, बराच वेळ फिरवला होता, आणि काही न बोलता परत लावला होता.

तिला शुक्रवारपासून माहीत होतं.

"मैडम, बुरा मत मानना," पियूष म्हणत होता. आवाज अजून गोड होता, पण त्यातली अदब निघून चालली होती. "कंपनी में एसी में बैठके ग्राफ देखना अलग चीज है. गाड़ी बनाना अलग. आपको डर लगता है तो सीधा बोल दो. ये पेट्रोल, ये गर्मी, ये क्या है? मैं बच्चा हूँ क्या?"

आम्रपाली खाली पाहत होती.

"आठ दिन से मैं सबको बोलता फिर रहा हूँ, पुणे की इंजीनियर देख रही है मेरी गाड़ी. देखा क्या? वही देखा जो इसने बोला. इसकी लिस्ट का फोटोकॉपी निकाल दिया."

तो कप चुरगाळून नरेशकडं वळला.

"छोड़ो. नरेश भाई, तू बता. आज आखरी बार पूछ रहा हूँ. तू बोलेगा तो टर्बो, तू बोलेगा तो ब्रेक. तेरा हाथ है इसमें, तेरी बात चलेगी. किसी मैडम-वैडम की नहीं."

हे वाक्य. अगदी हेच. बहिणीच्या समोर, तिची मान खाली असताना. नरेशनं याच्या निम्म्यावरही समाधान मानलं असतं. आतून एक ऊब वर आली, हिवाळ्यात पाठीवर ऊन पडावं तशी, आणि दोन-तीन श्वास ती टिकली. त्यानं आम्रपालीकडं पाहिलं. आता ती चिडेल, लॅपटॉप पियूषपुढं फिरवेल, रेघ दाखवेल, ह्यानं काय केलंय ते पाहा म्हणेल. तिनं तसं केलं असतं तर बरं झालं असतं. मग भांडता आलं असतं.

तिनं लॅपटॉपला हात लावला नाही. लावणारही नव्हती. पुण्याची इंजिनियर पियूषच्या तोंडून भित्री ठरली होती, आणि ते तिनं गिळलं होतं. त्याच्यासाठी. आपल्या पदराखाली लेकरू झाकावं तसं तिनं त्याला झाकलं होतं. ज्या पोरीला तो सायकलच्या दांडीवर बसवून शाळेत सोडायचा, तिनं.

ऊब गेली. तिच्या जागी जे आलं ते सोसण्यासारखं नव्हतं. पियूषचं बोलणं सोसलं असतं, बापाचं सोसत आलाच होता. हे नाही. चार दिवसांनी ती पुण्याला जाईल, कधी कोणाला सांगणार नाही, आणि दर वर्षी दिवाळीत येईल तेव्हा ते न सांगितलेलं घेऊनच घरात शिरेल. एवढं मोठं होऊ द्यायचं हिला?

"टर्बो नहीं लगेगा," नरेश म्हणाला.

"फिर वही."

"सुन पहले. ब्लॉक में एक बोल्ट की चूड़ी मरी हुई है. मेरे हाथ से मरी. ज्यादा कस दिया था. कॉइल डालके बंद कर दिया, तुझे बताया नहीं. दो साल हो गए."

पियूष गाडीच्या टपापासून सरळ झाला.

"दो साल."

"हाँ."

"दो साल से मैं इसमें एक सौ अस्सी जा रहा हूँ."

"हाँ."

"और तू वहाँ खड़ा होके वीडियो बनाता था."

"हाँ," नरेश म्हणाला.

पियूष गाडीभोवती एक चक्कर मारून आला. आणखी एक मारली. बॉनेटवर हात ठेवला, उचलला. शिवी देईल असं वाटलं, दिली नाही. ज्याच्यावर ओरडायचं तो आधीच सगळं कबूल करून बसला की ओरडणाऱ्याची पंचाईत होते.

"ठीक हो सकता है?"

"इंजन उतारना पड़ेगा. ब्लॉक मशीन शॉप जाएगा, उसमें पोलाद की लंबी बुश बैठेगी. दसों में. फिर जो टर्बो डालना है डाल."

"जनवरी?"

"जनवरी भूल जा."

पियूषनं मान हलवली. मग त्याची नजर बाकाकडं गेली. आम्रपालीकडं, मग उघड्या लॅपटॉपकडं, मग परत नरेशकडं. बापाच्या कारखान्यात हिशेबनिसांना पकडून पकडून त्या घरातल्या माणसांची नजर अशी झाली होती.

"मैडम को मालूम था?"

आम्रपालीनं वर पाहिलं.

हो म्हटलं तर ती हुशार ठरत होती, आणि गाडीच्या मालकाशी तोंडावर खोटं बोललेलीही. उद्या पियूषनं पुण्यात कोणाकडं शब्द टाकला असता तर नोकरीपर्यंत गेलं असतं ते. नाही म्हटलं तर ती सुटत होती, आणि तिनं जे पाहिलं होतं ते तिनं पाहिलंच नव्हतं असं होत होतं. नरेशनं या दोन्हींचा तोल पाहिला का, कोणास ठाऊक. उत्तर फार पटकन आलं.

"नहीं. उसको क्या मालूम. ये कंप्यूटर में नहीं दिखता. हाथ को समझता है."

लाल रेघ बाकावर उघडी पडली होती, पाच वेळा उभी चढलेली. पियूष तिकडंच पाहत होता, पण त्याला ती वाचता येत नव्हती. आम्रपालीनं भावाकडं पाहिलं. नरेशनं नजर वळवली नाही, एवढं मात्र त्यानं केलं. मग तिनं तळहात लॅपटॉपच्या झाकणावर ठेवला आणि ते सावकाश खाली आणलं.

"नहीं दिखता," ती म्हणाली.

पियूषनं एक मोठा श्वास सोडला. "मैं यही तो बोल रहा था." त्यानं गाडीची किल्ली नरेशच्या शर्टाच्या खिशात टाकली. "निकाल इंजन. दूसरे के पास ले जाऊँ तो वो मेरेको इतना भी नहीं बताएगा. पर अब की बार कसते टाइम मैं खड़ा रहूँगा. और रेंच से कसेगा. समझा?"

"समझा."

तो रस्त्यावर जाऊन फोनवर कोणाला तरी गाडी घेऊन यायला सांगू लागला. दहा मिनिटांनी एक पांढरी गाडी आली आणि तो बसून गेला. जाताना नरेशला त्यानं हात केला. बाकाकडं पाहिलं नाही.

आम्रपालीनं बॉनेट उघडलं आणि सेन्सरचा जोड सोडवू लागली. नरेश दुसऱ्या बाजूला उभा राहिला.

"सांगाची काय गरज होती?" तिनं विचारलं. "मी सांभाळून राहिली होती ना."

"दिसून राहिलं होतं कशी सांभाळते त. जानेवारीत गर्मी म्हणे."

तिला हसू आलं, पण ते तोंडापर्यंत पोचलं नाही. "बरं, ते सांगतलं त सांगतलं. मंग दुसरं खोटं कावून बोलला?"

"तूही बोलली."

"मी तुह्यासाठी बोलली."

"मालूम आहे मले."

ती थांबली. पाना हातात धरून त्याच्याकडं पाहत राहिली. मी पण तुह्यासाठीच बोललो, एवढं एक वाक्य आता यायचं होतं, सोपं होतं, आणि कदाचित अर्धं खरंही होतं. नरेशनं खांद्यावरचं फडकं काढलं आणि स्वच्छ असलेले हात पुसले.

आम्रपालीनं जोड काढला, होज परत बसवला, पट्टी कसली. कसून झाल्यावर हात तिथंच थांबला, पुढच्या पाळीसाठी एक मारावा की नाही असा. मग तिनं पाना काढून घेतला.

"मी गुरुवारपर्यंत आहे," ती म्हणाली. "उद्यापासून दोघं मिळून उतरवू इंजिन. गियरबॉक्सच्या मागचा वरचा बोल्ट तुह्या हाताले भेटत नाही, माहा हात बारीक आहे. तीन दिवसांत होऊन जाईन. ब्लॉक घेऊन मीच येतो ना तुह्यासंग मशीन शॉपले. त्याले माप सांगा लागते बराबर."

खरं होतं. त्या बोल्टसाठी त्याला मागच्या वेळी, गियरबॉक्स उतरवताना, अख्खा दिवस लागला होता आणि मनगट सोलून निघालं होतं. मापही तिलाच नेमकं सांगता आलं असतं.

"तू गेल्यावर उतरवतो," नरेश म्हणाला.

तिनं मान हलवली. वाद घातला नाही. बॉनेट बंद केलं, जमिनीवर पसरलेले पाने गोळा केले, आणि ट्रे पुढं ओढून एकेक पाना आकारानं लावू लागली. लहान डावीकडं, मोठा उजवीकडं, मधे एक बोट जागा सोडून, जसे तो लावतो तसे. नरेश फडकं हातात घेऊन उभा होता. एखादा तरी चुकीच्या जागी जाईल म्हणून तो पाहत राहिला.